निघालेले जवाईबुवा

जायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांच्यात माझा स्वतःचा नंबरही बराच वर लागतो; पण तीस वर्षं एकसारखा निघालेलाच असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंचा जावई. सगळी वस्ती त्यांना जवाईबुवा म्हणे, म्हणून मीही म्हणे. त्यांचं खरं नाव एकदा कानावर आलं होतं, पण ते त्यांना शोभत नव्हतं, म्हणून विसरलो. त्यांची निळी रेक्झिनची बॅग दाराजवळच्या खुंटीवर कायम भरून टांगलेली असे. दाढी करायची झाली की ते बॅग खाली घेत, चेन उघडत, सामान बाहेर काढत, दाढी उरकत आणि सगळं कोरडं पुसून पुन्हा बॅगेत भरून चेन लावत. दोरीवरचा वाळलेला शर्ट घडी होऊन थेट बॅगेत जाई. खाटेवर बसत तेही काठावर, एसटीत कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखे. चपला दाराबाहेर काढत, पण टोकं रस्त्याकडे करून. एकदा मी सहज म्हटलं, “जवाईबुवा, फळी रिकामी हाय, कपडे तथी ठेवा ना. बॅगेत चुरगळतात.” तर मी त्यांना मिशी उतरवायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले. “फळी घरच्या मानसाची असते,” म्हणाले, “मी चार दिवसासाठी आलो हाय.”

हे चार दिवस सुरू झाले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्यांचे सासरे आजारी पडले. एकुलती एक मुलगी, घरात दुसरा पुरुष नाही, म्हणून हे चार दिवसांसाठी आले. सासरे त्या दुखण्यातून उठले नाहीत. मग तेरावं होईपर्यंत थांबले, मग पावसाळा ओसरेपर्यंत, मग सासूबाईंचं मन जरा रमेपर्यंत. आणि असं जरा-जरा थांबता थांबता पुढचे केस गेले, मागचे पांढरे झाले, आणि पोरंबाळं काही झाली नाहीत. पण ‘घरजावई’ हा शब्द त्या वस्तीत मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि तिथली भांडणं मी ऐकलेली आहेत.

आता मी तिथे कसा, हे सांगायला हवं, कारण माझं तिथे असणं हीच मुळात एक चूक होती. आम्ही दर्यापूरकडचे माळी. वांगी, मेथी, झेंडू यांच्यापलीकडे आमच्या घराण्याचं ज्ञान जात नाही. डिग्री घेऊन वर्षभर घरी बसलो तेव्हा आमच्या बाबांच्या ओळखीतल्या अकोल्याच्या एका मासोळीच्या व्यापाऱ्यानं मला धरणावरच्या वजनकाट्यावर बसवलं. बार्शीटाकळीहून जीपनं फाट्यापर्यंत जायचं, तिथून धरणाच्या भिंतीवरून पायी, आणि भिंत संपते तिथे भोयांची वस्ती. पोरं, बाया, म्हातारे सगळे ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पाण्यात जाळी टाकत. सकाळी माल काठावर आला की मी तो तोलून बर्फात भरायचा आणि पिकअपमध्ये चढवायचा. पहिल्या दिवशी मी मेथीच्या जुड्यांवर मारतात तसा माशांवर पाण्याचा हबका मारला. वस्तीनं ते शांतपणे पाहून घेतलं. नंतर एक म्हातारा एवढंच म्हणाला, “मारा साहेब. त्यायले पान्याची सवय नसन.”

माझं सगळं लक्ष मात्र नांदगाव पेठेकडे लागलेलं होतं. तिथल्या एका कापडाच्या कारखान्यात अर्ज केला होता आणि त्यांचा फोन यायचा होता. वस्तीत रेंज नव्हती. ती फक्त धरणाच्या भिंतीवर मधोमध, एका कठड्यापाशी मिळे, तीही वारा बरोबर असला तर. म्हणून मी दिवसातून कितीतरी वेळा भिंत चढायचो, मोबाईल आरतीच्या ताटासारखा चारी दिशांना ओवाळायचो आणि खाली यायचो. तिथे बहुतेक वेळा जवाईबुवा आधीच उभे असत. त्यांना कुणाचा फोन यायचा नसे. तिथून फाट्यावरची जीप दिसे, एवढंच. आम्ही दोघं पाण्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचो. मला वाटे, या जगात माझं दुःख समजणारा हा एकच माणूस आहे.

त्यांचं गाव म्हणजे बार्शीटाकळी, जीपनं जेमतेम तासाभराचं. पण ते टाकळीचं वर्णन असं करत की तिथे जायला पासपोर्ट लागत असावा. “आमच्या टाकळीले च्या कसा भेटते सांगू,” असं म्हणून ते डोळे मिटत आणि सांगत काहीच नसत. त्यांच्या घरी फुटाण्यांची भट्टी होती. “आमी भट्टीवाले,” ते मला समजावत, “हे लोकं पान्यावाले. आमचा पान्याशी संबंध पेयापुरता.” आणि खरोखर, धरणाच्या काठावर तीस वर्षं काढून त्यांनी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. त्यांची बायको पहाटे ट्यूबवर बसून मधल्या खोल पाण्यात जाई, आणि हे काठावरून तिला टाकळीच्या अनुभवावर सूचना देत: “डावीकडं घे… तथी नाई, अजून डावीकडं…” ती उजवीकडे जाई आणि जाळं भरून आणी. “मी सांगितलं नसतं तं अजून उजवीकडं गेली असती,” असं ते मला सांगत. मासे खात मात्र चवीनं. काटा काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फक्त ताट पुढे आलं की आधी एकदा ‘नको’ म्हणत.

सासूबाईंचा तर प्रकारच वेगळा. जावयाशी सासूनं तोंडासमोर बोलायचं नाही, ही रीत त्यांनी तीस वर्षं पाळलेली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या अंगणातल्या शेळीला सांगत, “जवाईबुवाले म्हना, च्या निवून राह्यला.” जवाईबुवाही शेळीकडे पाहून म्हणत, “येतो म्हना.” मी खोली घेतल्यावर शेळीची सुटका झाली आणि ते काम माझ्याकडे आलं. एका हाताच्या अंतरावरच्या दोन माणसांमध्ये बसून मी निरोप्यागत इकडचं तिकडे करायचो. एकदा घाईत मी चुकून जवाईबुवांचं वाक्य परत जवाईबुवांनाच सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

आठ-पंधरा दिवसांतून एकदा जवाईबुवांचं मन उचल खाई. बॅग खांद्याला लावून ते अंगणात उभे राहत आणि मोठ्यानं म्हणत, “मी निघतो बा आता.” मग वस्ती कामाला लागे. कुणी म्हणे, “आज अमोशा हाय, आज कोनी निघते काय?” कुणी म्हणे, “मरळ भेटली हाय जवाईबुवा, खाऊन जा ना बाप्पा.” तरीही ते चालू पडले तर कुणीतरी मागून जाऊन भिंतीवर गाठे, फारच ताणलं तर फाट्यावर; आणि बॅग त्यांच्या खांद्यावरून स्वतःच्या खांद्यावर घेऊन दोघं परत येत. येताना जवाईबुवा कपाळाला आठ्या घालून असत. “जाऊच देत नाईत हे लोकं,” ते मला सांगत. आणि मी, पदवीधर माणूस, हे शब्दशः घेत होतो. मला मनापासून वाटे, की एका भल्या माणसाला यांनी गोडीगुलाबीनं डांबून ठेवलं आहे.

त्या वर्षी अधिक महिना ऐन पावसाळ्यात आला. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून जाळी बंद. काटा बंद, माझा पगार अर्धा. माणसं ओसरीवर बसून फाटकी जाळी विणत आणि विणलेलीच पुन्हा उसवून पाहत. पाण्यावरची माणसं जमिनीवर फार दिवस ठेवली की ती एकमेकांच्या अंगावर येतात. सगळी वस्ती नुसती चुळबुळत होती. घरात मात्र सासूबाईंची धांदल होती. अधिकाचा महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, धोंडे-अनारसे वाढायचे. अनारशांसाठी त्यांनी तांदूळ भिजत घातले होते.

आणि नेमकं त्याच सकाळी जवाईबुवांनी बॅग उचलली. पुरुष मंडळी कसल्याशा मीटिंगला अकोल्याला गेलेली, बाया सोयाबीन निंदायला, सासूबाई पलीकडच्या घरी जात्यापाशी. अंगणात मी एकटा.

“मी निघतो बा आता,” ते मोठ्यानं म्हणाले.

“निघाच,” मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. “आभाळ भरून आलं हाय.”

“छत्री हाय ना माझ्यापाशी. मी सोडतो फाट्यापर्यंत.”

“तुले कामं असतीन.”

“मले कोन्ते कामं? मासे बंद हायेत.” असं म्हणून मी त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, कारण बॅग काढून घेतली की परत फिरायचं ही त्यांची सवय. पण मी बॅग घेऊन फाट्याकडेच चालू लागलो. भिंतीवर त्यांच्या चपलेचा अंगठा निघाला. मी खिशातली पिन काढून तो बसवून दिला. त्यांनी दोनदा वळून विचारलं, “मागून कोनी येऊन राह्यलं काय?” मी धीर दिला, “कोनी नाई. बिनधास्त चाला तुमी.” फाट्यावर जीप आली ती गच्च भरलेली. “जागा नाई भाऊ,” ड्रायव्हर म्हणाला. “जागा नाई म्हंते तो,” जवाईबुवा घाईनं म्हणाले, “जाऊ दे. उद्या पाहू.” पण मी असा हार मानणारा नव्हतो. एका बाईला तिचा बकरा मांडीवर घ्यायला लावला, दोघांना आत सरकवलं आणि एवढीशी फट तयार करून जवाईबुवांना तिच्यात बसवलं, बॅग त्यांच्या मांडीवर दिली. जीप हलली. मागच्या उघड्या बाजूनं ते माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना पाहिजे तेवढा वेळ हात हलवला.

दुपारी त्यांची बायको निंदण करून आली. “हे कुठी गेले?”

“टाकळीले. मीच बसवून देल्लं. जीपमधी जागा नव्हती, पन करून देल्ली.” मी शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

तिनं विळा हळूच भिंतीशी टेकवला. “तुमी थांबवलं नाई?”

“काहून थांबवू? त्यायले जायचं होतं.”

“त्यायले तीस वर्सापासून जायचं हाय,” ती म्हणाली. “म्हनून काय कोनी जीपमधी बसवून देते?”

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. कितीतरी महिन्यांनी त्या पुन्हा शेळीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “शिकलेले हायेत म्हंतात.” मग आत गेल्या, भिजवलेल्या तांदळाचं पातेलं झाकलं आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. दिवसाढवळ्या त्यांना आडवं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चार दिवस गेले. भिंतीवर चढून फोन केले, तर जवाईबुवा उचलत नव्हते. वस्तीतलं कुणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. शेवटी त्यांच्या बायकोनंच मला सगळं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. “ते आपल्या पायानं वापस आले तं त्यायचं काय राह्यलं? लोकं म्हंतीन, सासरी बसून खाते, जाईन कुठी. सासरहून मूळ, म्हंजे आनाले कोनी, गेल्याबिगर ते यायचे नाईत. आन् मी गेली तं लोकं हासतीन, बायको नवऱ्याले आनाले आली म्हनून. मानूस पायजे घरचा.” मग तिनं आवाज खाली आणला. “मायचं छातीचं दुखनं तुमाले मालूम हाय. आता पुढचा अधिक तीन वर्सानं. तवापर्यंत ती राह्यते का नाई, कोनी पाह्यलं? तिले या डाव धोंडे वाढाचे हायेत. बस, एवढंच.”

सासरी गेलेल्या मुलीला माहेरी आणायला मुऱ्हाळी जातो, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण पन्नाशी उलटलेल्या जावयाला त्याच्या स्वतःच्या गावाहून सासरी आणायला गेलेला, आणि त्याला तिथे आधी स्वतःच पोचता करणारा मुऱ्हाळी वऱ्हाडात मी एकटाच असेन.

टाकळीला त्यांच्या भावाची भट्टी शोधायला वेळ लागला नाही. फुटाण्यांचा वास गल्लीच्या तोंडाशीच आला. दुकानात पुतण्या माल तोलत होता आणि जवाईबुवा बाहेर एका स्टुलावर, काठावर, पायाशी बॅग घेऊन बसले होते. समोर दोन-तीन गिऱ्हाइकं. मी विजेच्या खांबाआड थांबलो, कारण ते बोलत होते आणि त्यांनी दोन्ही हात पार खांद्यांच्या बाहेर पसरले होते. “एवढा कतला. आमच्या धरनात हे काहीच नाई. आमची बायको एकटी ओढून आनते. मी फक्त सांगतो, डावीकडं घे म्हनून. तुमच्या टाकळीत काय भेटते? बर्फातल्या शिळ्या मासोळ्या.” एवढ्यात आतून पुतण्याची बायको चहा घेऊन आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “काकाजी, परवा माझे माहेरचे येऊन राह्यले. तुमी तवापर्यंत निघता ना?” जवाईबुवा म्हणाले, “मी तं निघालोच हाय.” त्या घरात त्यांना ‘थांबा’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी चहा हातात घेतला आणि तो निवेपर्यंत नुसता धरून ठेवला.

मी पुढे झालो. त्यांनी मला पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. मी म्हटलं, “जवाईबुवा, मायनं मूळ धाडलं हाय. धोंडे खायाले चाला.”

“आता काही येनं होत नाई,” ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. “इथी कामं हायेत.”

मला वाटलं, झालं, आता काय करायचं. मी जायला वळलो. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “अजून एकडाव म्हनून पाह्य.”

मी म्हटलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं, पण या वेळी पाय चपलेत सरकवले. तिसऱ्यांदा मी तोंड उघडणार तोच माझा मोबाईल वाजला. टाकळीला रेंज भरपूर. नांदगाव पेठेचा कारखाना. सोमवारी हजर व्हा म्हणाले. ज्या फोनसाठी मी धरणाची भिंत झिजवली होती तो असा भर आग्रहात आला. जवाईबुवा वैतागले. “तो बंद कर पयले,” म्हणाले, “मूळ घेऊन आलेला मानूस अर्ध्यात फोनवर बोलते काय? सासरची इज्जत हाय का नाई?” मी फोन खिशात टाकला, बॅग उचलून खांद्याला लावली आणि चालू पडलो. मागून चपला येत असल्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

फाट्यावर उतरलो तर लिंबाखाली सासूबाई बसल्या होत्या. छातीवर एक हात ठेवून, दम खात खात, धरणाची अख्खी भिंत चालून आलेल्या. शेजारी तांब्या, वर वाटी झाकलेली. आम्हाला पाहून त्या उठल्या. माझ्या खांद्यावरची बॅग त्यांनी ओढून घेतली. मी सवयीनं मध्ये उभा राहिलो, निरोप घ्यायला. पण त्यांनी मला हातानं बाजूला केलं, पदर होता तिथेच राहू दिला आणि सरळ जावयाच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “लय दिवस लावले तुमी. घरात करमून नाई राह्यलं.”

 जवाईबुवांनी आजूबाजूला पाहिलं, बहुतेक शेळी शोधत असावेत. मग म्हणाले, “जीपच भेटत नव्हती.” सासूबाईंनी तिथेच रस्त्याच्या कडेला त्यांच्या पायावर पाणी घातलं. एक रिकामी जीप आमच्यासमोरून टाकळीकडे गेली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

धोंडे झाले. जवाईबुवांनी आधी एकदा ‘नको’ म्हटलं आणि मग मोजदाद सोडून दिली. मला वाढताना सासूबाई माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या, त्यावरून माफी मिळाल्याचं कळलं. सोमवारी मी नांदगाव पेठेला हजर झालो, तो आजतागायत तिथेच आहे. शिफ्ट, शेड, मशीनचा आवाज. इथे रेंज चोवीस तास आहे, आणि मी मोबाईल उगाच हातात घेऊन पाहतो. सासूबाई पुढच्या हिवाळ्यात गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता यंदा पुन्हा अधिक आला आहे, उन्हाळ्यात. मागच्या आठवड्यात जवाईबुवांच्या बायकोचा फोन आला. भिंतीवर चढून केलेला असणार, वारा ऐकू येत होता. “हे महिन्याभरापासून खाटेवरून उठून नाई राह्यले,” ती म्हणाली. “निघतो बी म्हनत नाईत. बॅग तशीच हाय. म्या म्हटलं, काहून? तं म्हंतात, आता जाऊन काय करू, आनाले कोन येनार हाय.” मग म्हणाली, “तुमी येता काय? मी त्यायले कसंबी करून टाकळीले धाडतो. तुमी तथून घेऊन या.”

मी सुपरवायझरकडे रजा मागितली. “कशासाठी?” त्यानं विचारलं.

“जवाई आनाले जायचं हाय.”

“बहिनीचे मालक?”

“बहीन नाई मले.”

“मंग पोरीचे? तुझं तं लगन बी झालं नाई बे.”

मी अर्ज पुढे सरकवला. त्यानं रजा देऊन टाकली. अधिकाच्या महिन्यात जावयाचं काम म्हटलं की आपल्याकडे फार खोलात कुणी जात नाही. उद्या पहाटेच्या गाडीनं निघतोय. टाकळीला किती वेळा म्हणायचं ते मला आता माहीत आहे, बॅग कुणाच्या खांद्यावर असायला हवी तेही. फाट्यावर उतरल्यावर पायावर पाणी कोण घालणार, हे मात्र ठरलेलं नाही. तांब्या मी इथूनच घेतला आहे.